मोठ्या कंपनीला सोशल मीडियावरचा खर्च परत मिळतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम महाराष्ट्रात चांगल्या पसरलेल्या एका मोठ्या खाद्यपदार्थांच्या कंपनीत मार्केटिंगला असलेल्या मित्रानं विचारलंय की आमचा फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबचा खर्च आता कोटीत गेलाय, एजन्सीचा रिपोर्ट दर महिन्याला हिरवागार असतो, पण एमडी विचारतात "हे उद्या बंद केलं तर आपली विक्री किती पडेल?" आणि ह्याचं उत्तर कुणाकडंच नाही.

तुमच्या एमडींनी विचारलाय तोच खरा प्रश्न आहे, लाईक, रीच, एंगेजमेंट, फॉलोअर हे सगळं त्याच्यानंतर. माझं मत सरळ सांगतो. मोठ्या कंपनीला सोशल मीडियातनं फायदा होतो, पण रिपोर्टात दाखवतात तेवढा होत नाही, आणि जिथं दाखवतात तिथं तर बऱ्याचदा होतच नाही. मी कोल्हापुरात बसून बरीच वर्षं हेच काम करतोय, गाड्यांचे डीलर, दूध, मसाले, शेतीचे पंप असल्या कंपन्यांचे जाहिरातीचे पैसे कुठं घालायचे आणि कुठनं काढून घ्यायचे हे बघायचं, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा, मीटिंगमध्ये त्या कायम एकात एक मिसळतात. एक म्हणजे पेज चालवणं, रोजची पोस्ट, सणाच्या शुभेच्छा, रील वगैरे. दुसरी म्हणजे पैसे भरून जाहिरात दाखवणं. पेज चालवणं फुकटात होतं असं सगळ्यांना वाटतं पण डिझायनर, शूटिंग, लिहिणारा, एजन्सीची महिन्याची फी असं सगळं धरलं तर ते अजिबात फुकट नाही, आणि एवढं करून ती पोस्ट दिसते किती जणांना? २०१२ मध्ये फेसबुक स्वतःच सांगत होतं की पेजची पोस्ट साधारण १६ टक्के फॉलोअरपर्यंत पोचते. त्यानंतर हा आकडा घसरतच गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये तर त्यांनी उघड जाहीर केलं की फीडमध्ये घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना आधी जागा देणार, कंपन्यांच्या पोस्टना नंतर. म्हणजे पाच-दहा लाख फॉलोअर गोळा करायला तुम्ही आधी पैसे घातले, आणि आता त्याच लोकांना पोस्ट दाखवायला परत पैसे घालायचे.

बरं, फॉलोअर असतो तरी कोण? जो तुमचा मसाला आधीपासनंच वापरतोय तो. ऑस्ट्रेलियातल्या एरेनबर्ग-बास इन्स्टिट्यूटनं २०१२ च्या सुमारास फेसबुकवरच्या सगळ्यात मोठ्या ब्रँडांची पेजं तपासली तेव्हा आठवडाभरात पेजवर काहीतरी करणारे, म्हणजे लाईक, कमेंट, शेअर असलं काही करणारे फॅन १ टक्क्याच्या आसपासच निघाले. आणि त्याच संस्थेचं जुनं सांगणं असं की मोठा ब्रँड वाढतो तो वर्षातनं एखाददुसऱ्या वेळी पुडी उचलणाऱ्या गिऱ्हाइकामुळं, रोजच्या भक्तामुळं नाही. हे एकदा-दोनदा घेणारं गिऱ्हाईक तुमच्या पेजवर कशाला येईल? त्याला तुमचं नाव दुकानात उभं असताना आठवलं तरी बास.

पेप्सीचं उदाहरण मी प्रत्येक क्लायंटला सांगतो. २०१० साली त्यांनी अमेरिकेत २३ वर्षांत पहिल्यांदा सुपर बोलमधली, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या सामन्यातली, टीव्ही जाहिरात सोडली आणि लोकांनी समाजोपयोगी कामं सुचवायची, त्यावर ऑनलाइन मतं द्यायची, जिंकणाऱ्यांना कंपनी पैसे देणार अशी मोहीम काढली, त्यासाठी २ कोटी डॉलर बाजूला काढले. मतं भरभरून पडली, पेजवर लाखो लोक आले, कौतुक झालं. त्याच वर्षी तिथल्या बाजारात डाएट कोक पुढं गेलं आणि पेप्सी दुसऱ्यावरनं तिसऱ्या नंबरवर आली. फक्त ह्याच कारणानं आली असं मी म्हणणार नाही, कोला पिणं तिथं एकूणच कमी होत होतं, पण मत देणारा माणूस आणि दुकानात बाटली उचलणारा माणूस यांचा मेळ बसला नाही हे नक्की. पुढं २०१३ मध्ये कोका-कोलानं पण एका परिषदेत सांगितलं की ऑनलाइन चर्चा किती झाली आणि लगेचची विक्री किती झाली यात मोजण्यासारखा संबंध आम्हाला दिसला नाही. हे कोका-कोला सांगतंय, ज्यांच्या पेजवर तेव्हा कोट्यवधी लोक होते!

आता पैसे भरून केलेल्या जाहिरातीकडं येतो, कारण तुमचा खरा खर्च तिथं आहे.

रिपोर्टात एक आकडा असतो, रोआस, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागं किती रुपयांची विक्री. हा आकडा कसा तयार होतो ते एमडींना समजावून सांगा. मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीची, नेहमीची सेटिंग अशी असते की कुणी जाहिरातीवर क्लिक केलं आणि पुढच्या ७ दिवसांत खरेदी केली, किंवा नुसती जाहिरात बघितली आणि १ दिवसात खरेदी केली, तर ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जमा. तो माणूस जाहिरात नसती तरी घेणार होता का, हे ह्यात कुठंच विचारलेलं नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत एकजण पत्रकं वाटत उभा राहिला आणि नंतर म्हणाला की एवढे भाविक माझ्या पत्रकामुळं आले, तर कुणी मान्य करेल का? पण रिटार्गेटिंगच्या, म्हणजे वेबसाईटवर येऊन गेलेल्यालाच परत परत दाखवायच्या, जाहिरातीचं श्रेय आपण दर महिन्याला असंच मान्य करतोय.

जवळनं बघितलेलं सांगतो. दुचाकीच्या शोरूममध्ये दसऱ्याचं बुकिंग पितृपक्षातच ठरलेलं असतं, घरात बोलणं झालेलं असतं, रंग ठरलेला असतो, फक्त पैसे भरायचे आणि गाडी दसऱ्याला पूजा करून घरी न्यायची. हा माणूस वेबसाईटवर जाऊन ऑन-रोड किंमत बघतो. त्या क्षणापासनं त्याच्यामागं जाहिरात लागते, सकाळ-संध्याकाळ तीच गाडी तोच रंग. मग तो बुकिंग करतो आणि रिपोर्टात येतं की दसरा कॅम्पेनचा रोआस मागच्या महिन्याच्या दुप्पट. शोरूमच्या रजिस्टरमध्ये "कुठून कळलं?" असा रकाना असतो, तिथं सेल्समन गर्दीत न विचारताच फेसबुक लिहून टाकतो कारण वरनं डिजिटलच्या लीड, म्हणजे ऑनलाइन आलेली गिऱ्हाइकं, दाखवा म्हणून प्रेशर असतंय. अशा दोन खोट्या आकड्यांचा मेळ बसला की सगळे खूश. गाडी मात्र विकली दसऱ्यानं.

आपल्या भागात अजून एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या एजन्सीला कळत नाही. इथं विक्री उसाच्या बिलावर आणि दुधाच्या बिलावर हलते. कारखान्याचं बिल खात्यावर पडलं की पंधरा दिवस बाजार गरम, दूध संघाचं दर दहा दिवसांचं बिल आलं की किराणा उठतो, दिवाळीआधी दूध दरफरक आला की टीव्ही, फ्रिज, गाड्या, सोनं सगळंच हलतंय. ह्याच पंधरवड्यात कुणी कॅम्पेन लावलं तर ते हिट होणारच, त्यात एजन्सीचं कौशल्य किती आणि उसाच्या बिलाचं किती हे रोआसमधनं कधीच कळणार नाही.

हे फक्त आपल्याकडंच होतंय असं नाही. पी अँड जी, म्हणजे टाईड, एरियल, व्हिस्परवाली कंपनी, त्यांनी २०१७ मध्ये एका तिमाहीत डिजिटल जाहिरातींचा १० कोटी डॉलरच्या वर खर्च कापला आणि विक्रीच्या वाढीवर काही परिणाम दिसला नाही असं स्वतःच सांगितलं. उबरनं त्याच काळात ॲप डाऊनलोडच्या जाहिरातींवरचा १५ कोटी डॉलरच्या खर्चातला १० कोटी बंद केला, फरक पडला नाही, कारण त्यातले बरेच डाऊनलोड आपोआप होणारेच होते, जाहिरात नेटवर्क नुसतं श्रेय घेत होतं. आदिदासचं तर अजून बोलकं आहे. २०१९ मध्ये त्यांच्या माणसानं जाहीर सांगितलं की आम्ही ७७ टक्के पैसे लगेच विक्री दाखवणाऱ्या जाहिरातींवर आणि फक्त २३ टक्के ब्रँडवर घालत होतो, आणि नीट हिशोब केल्यावर दिसलं की विक्रीचा मोठा भाग ब्रँडच्या जाहिरातींमुळं येतोय. लॅटिन अमेरिकेत एकदा त्यांच्या गूगल जाहिराती तांत्रिक अडचणीनं बंद पडल्या होत्या आणि तरी वेबसाईटवरची गर्दी आणि विक्री पडली नाही, तिथनं त्यांना शंका आली.

आणि सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे २०१९ ला छापून आलेला एक अभ्यास, अमेरिकेतल्या विद्यापीठातले प्राध्यापक आणि फेसबुकचेच संशोधक यांनी मिळून केलेला. त्यांनी फेसबुकवरचे १५ मोठे प्रयोग घेतले, ज्यात काही लोकांना जाहिरात दाखवली होती आणि काहींना मुद्दाम दाखवली नव्हती, म्हणजे खरा फरक किती ते माहीत होतं. मग तेच उत्तर नेहमीच्या हिशोबी पद्धतींनी, प्रयोग न करता, येतंय का ते बघितलं. बऱ्याच वेळा आलं नाही, आणि चूक बहुतेक एकाच बाजूची, जाहिरातीचा परिणाम आहे त्यापेक्षा फुगवून दाखवायची. एवढा डेटा हातात असून, फेसबुकच्या आत बसून ही गत, तर आपल्या एक्सेल शीटचं काय.

पण म्हणून "सगळं बंद करा" असं मी सांगणार नाही, आणि जे सांगतात ते पण अर्धंच सांगतात. जनरल मोटर्सनं मे २०१२ मध्ये, फेसबुकचा शेअर बाजारात यायच्या तोंडावर, जाहिराती उपयोगाच्या नाहीत म्हणून १ कोटी डॉलरचं बजेट काढून घेतलं, त्याची जगभर बातमी झाली, आणि २०१३ मध्ये ते परत आले. पी अँड जीनं पण डिजिटल सोडलं नाही, जिथं बॉट, म्हणजे माणसाच्या जागी जाहिरात बघणारे प्रोग्रॅम, आणि फालतू वेबसाईट होत्या आणि एकाच माणसाला तीच जाहिरात शंभर वेळा दिसत होती तिथनं पैसे काढून दुसरीकडं लावले आणि पोच उलट वाढली असं ते सांगतात. शिवाय जाहिरातीचा परिणाम मुळात छोटा असतो आणि विक्री रोज वरखाली होत असते, त्यामुळं परिणाम दिसला नाही म्हणजे तो नव्हताच असं पण होत नाही. हे मान्य करूनच पुढं जायला लागतं.

मग मोठ्या कंपनीला पैसे परत कुठं मिळतात? माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे भरपूर लोकांपर्यंत, फार बारीक टार्गेटिंग न करता, एक चांगली जाहिरात पोचवणं. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबकडं टीव्हीसारखं बघा. वीस-पंचवीसची पोरं घरचा टीव्ही बघतच नाहीत, त्यांच्यापर्यंत जायला दुसरा रस्ता नाही. पी अँड जीनं २०१६ मध्येच सांगितलं होतं की आम्ही फेसबुकवर फार बारीक टार्गेटिंग केलं, आता जास्त पसरून करणार. मसाला घरटी लागतो, त्याला "स्वयंपाकाची आवड असलेल्या २५ ते ३४ वयाच्या बायका" असलं टार्गेटिंग कशाला? महाग पण पडतं आणि निम्मं गिऱ्हाईक बाहेर राहतं. इंग्लंडमधल्या लेस बिनेट आणि पीटर फील्ड यांनी जाहिरातींच्या बक्षिसांसाठी आलेल्या शेकडो कॅम्पेनचा अभ्यास करून साधारण ६० टक्के ब्रँडवर आणि ४० टक्के लगेचच्या विक्रीवर असं प्रमाण सुचवलंय, ते दगडावरची रेघ नाही पण तुमच्या रिपोर्टात जर ९० टक्के पैसे "आत्ताच खरेदी करा" वर असतील तर कुठंतरी चुकतंय एवढं कळायला पुरेसं आहे.

अमूल बघा ना. १९६६ पासनं ती मुलगी होर्डिंगवर आहे, आजच्या बातमीवर आजचं चित्र. सोशल मीडिया आल्यावर त्यांनी वेगळं काही केलं नाही, तेच चित्र फोनवर आलं आणि लोक आपणहून पाठवायला लागले. तिथं माध्यम नवीन आहे, काम पन्नास-साठ वर्षांचं आहे. तुमच्या एजन्सीनं पंधरा दिवसांत तसं काहीतरी व्हायरल करून द्यावं ही अपेक्षा मात्र ठेवू नका, तसं होत नाही.

दुसरी जागा डीलर आणि दुकानदार. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीनं शाहरुख खानची जाहिरात अशी केली की छोटा दुकानदार आपल्या दुकानाचं नाव त्याच्या तोंडून म्हणवून घेऊ शकत होता. कंपनीच्या पेजपेक्षा दुकानदाराच्या व्हॉट्सॲप स्टेटसला जास्त किंमत असते, कारण ते बघणारे त्याच गल्लीतले असतात. शाहूपुरीतल्या किंवा गडहिंग्लजच्या किराणा दुकानदाराला तुम्ही त्याच्या नावासकट तयार व्हिडिओ दिला तर तो तुमचा माल पुढच्या फळीवर लावतोय हे मी बघितलंय, आणि तो फायदा कुठल्याच रोआसमध्ये येत नाही.

तिसरी जागा तक्रारी. ह्यात माझं मत लई ठाम आहे. पुडीत काही निघालं म्हणून एखाद्या बाईनं फोटो टाकला आणि तासाभरात माणसानं, बॉटनं नाही, उत्तर दिलं, नंबर घेतला, घरी माल बदलून दिला, तर तेवढ्या एका गोष्टीनं जे वाचतं ते दहा रीलनी मिळत नाही. मोठ्या कंपन्यांत पेज मार्केटिंगकडं आणि तक्रार कस्टमर केअरकडं असते, दोघांत बोलणं नसतं, आणि बाई तिथं तशीच लटकते. पहिले पैसे इथं लावा.

ऐकून घेणं किती महत्त्वाचं आहे हे कोल्हापूरनं २०२५ मध्ये सगळ्या जगाला दाखवलं. जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. २०१९ पासनं कोल्हापुरीला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, लोक चिडले, सोशल मीडियावर असा दणका बसला की कंपनीला ह्या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे मान्य करायला लागलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर इथल्या कारागिरांकडनं मर्यादित संख्येत जोड बनवून घ्यायचा करार झाला. कारागिरांचा जाहिरातीचा खर्च शून्य. म्हणजे ताकद आहेच, पण ती लोकांच्या हातात जास्त आणि कंपनीच्या हातात कमी. आणि दुसरी बाजू पण बघा, कितीही चर्चा झाली तरी हिरडा-बाभळीत कमावलेल्या चामड्याचा हातानं शिवलेला जोड व्हायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच. ज्याच्याकडं साइजचा तक्ता, फोटो, कुरिअर आणि माल तयार, त्यालाच अशा लाटेत ऑर्डर घेता येते. तुमच्या कंपनीला पण हेच लागू, रील चालली आणि गारगोटीच्या दुकानात पुडीच नसली तर ते पैसे गेले.

फौंड्रीवाले पण विचारतात म्हणून दोन ओळी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावचं कास्टिंग घेणारा परदेशी खरेदीदार रील बघून ऑर्डर देत नाही, तिथं लिंक्डइनचा उपयोग झाला तर चांगले इंजिनिअर मिळवायला होतो, तेवढाच ठेवा.

इन्फ्लुएन्सरचं पण थोडक्यात. पैसे देऊन करून घेतलेली रील जाहिरात आहे असं स्पष्ट लिहिणं आता बंधनकारक आहे, ॲस्की ह्या जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या नियमन संस्थेचे नियम २०२१ चे, सरकारच्या सूचना जानेवारी २०२३ च्या, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फॉलोअर किती हे विचारायच्या आधी त्यातले आपल्या विक्रीच्या जिल्ह्यातले किती ते विचारा. कोल्हापुरी भाषेत बोलणाऱ्या पोराचे निम्मे फॉलोअर मुंबई-पुण्यात असतात आणि तुमचा माल तिथं मिळतच नसेल तर काय उपयोग.

आता एमडींच्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं. एकच पद्धत मला पटते, थोड्या भागात बंद करून बघायचं. एक जिल्हा निवडा जिथं सहा-आठ आठवडे एक रुपयाची सोशल जाहिरात दाखवायची नाही, आणि त्याच्यासारखाच दुसरा जिथं नेहमीसारखं चालू ठेवायचं. विक्री डिस्ट्रिब्युटरकडनं दुकानात गेलेल्या मालावर मोजा, ॲपच्या आकड्यावर नाही, आणि मागच्या दोन वर्षांच्या त्याच आठवड्यांशी पण ताडून बघा.

जोडी निवडताना डोकं वापरायला लागतं. कोल्हापूर आणि रत्नागिरी ही जोडी चालणार नाही, रत्नागिरीत गणपतीला चाकरमानी आले की बाजाराचा रंगच बदलतो आणि ऊस तिथं नाही. कोल्हापूर-सातारा चालेल, दोन्हीकडं ऊस, दूध, तसलीच गावं. सांगली जवळची वाटते पण जयसिंगपूरनं घोळ होतो, जिल्हा कोल्हापूर आणि बाजारहाट सांगलीत, म्हणजे जाहिरात एका जिल्ह्यात बघणार आणि पुडी दुसऱ्या जिल्ह्यात घेणार. निपाणीचं पण तेच, राज्य वेगळं आणि खरेदी कोल्हापुरात. अशी काठावरची गावं हिशोबातनं बाहेर काढा. दसरा-दिवाळी टाळा, आणि त्या काळात एका जिल्ह्यातल्या सेल्स टीमला वेगळी स्कीम देऊ नका, नाहीतर सगळं वाया. मेटाचं स्वतःचं लिफ्ट टेस्टचं, म्हणजे काहींना जाहिरात दाखवून काहींना न दाखवून फरक मोजायचं, टूल आहे ते पण लावा, पण ऑफलाइन विक्री असलेल्या मालाला जिल्ह्याची टेस्ट जास्त खरी.

आणि हिशोब मार्जिनवर करा, उलाढालीवर नाही. समजा १ लाखाच्या जाहिरातीवर रिपोर्ट ४ लाखांची विक्री दाखवतोय, रोआस ४, सगळे टाळ्या वाजवतात. तुमचं मार्जिन २० टक्के असेल तर हातात आले ८० हजार, म्हणजे सगळी विक्री जाहिरातीचीच धरली तरी त्या खरेदीवर २० हजार तोटा. टेस्टमध्ये निघालं की त्यातली निम्मीच खरी वाढ आहे, तर ४० हजार आले आणि ६० हजार गेले. नवीन गिऱ्हाईक परत परत घेतं हे धरून थोडी सूट द्या, पण ती पण आकड्यात मांडायला लावा.

टेस्ट होईपर्यंत तुमच्या जागी मी असतो तर आधी वेबसाईटवर येऊन गेलेल्यांच्या मागं लागणारं रिटार्गेटिंग निम्म्यावर आणलं असतं, सणांच्या शुभेच्छांच्या पोस्टा जवळजवळ बंद केल्या असत्या, आणि तो पैसा एका चांगल्या फिल्मवर आणि तक्रारींना उत्तरं देणाऱ्या दोन हुशार मुलींच्या पगारावर घातला असता. एजन्सीला टेस्टबद्दल आधी सांगा, लपवून करू नका, आणि बंद ठेवायचा जिल्हा तुम्ही ठरवा, त्यांना ठरवू देऊ नका. काम फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच सुरू केलंत तर गुढीपाडव्याच्या आत पुरेसे आठवडे हातात येतील, आणि दोन्ही जिल्ह्यांचे डिस्ट्रिब्युटरचे आकडे एका कागदावर घेऊन एमडींच्या केबिनमध्ये जाता येईल.